मेन पाटा आणि शॉकचा ब्रॅकेट दोन्ही गेले, तर दुरुस्ती कुठून सुरू करायची?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, फोटोही पाहिला. मला समजलं ते असं: मागच्या डाव्या कमानीचा (एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांची स्प्रिंग) मेन पाटा, म्हणजे सगळ्यात लांब मुख्य पाटा, सेंटर बोल्टच्या भोकातून तुटून दोन तुकडे झाले आहेत. त्याच बाजूच्या शॉकचा (कमानीची उसळी आवरणारा दांडा) खालचा ब्रॅकेट अॅक्सलच्या, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या, नळीवरून उखडला आहे. गाडी काही महिन्यांपूर्वी लांब शॅकल (कमानीचं टोक चेसिसला जोडणारी झुलती पट्टी) आणि एक जादा पाटा घालून ५० मिमी उचलली, शॉक मात्र जुनेच राहिले. आता पाटा वेल्ड करायचा, ब्रॅकेट दुप्पट जाडीचा लावायचा आणि कमानीत आणखी एक पाटा चढवायचा, असा तुमचा बेत आहे.

पाटा वेल्ड करू नका. बाकीच्या दोन गोष्टींबद्दल खाली सविस्तर लिहितो, पण त्याआधी एक विनंती. तुटलेले तुकडे अजून हाताशी असतील तर ते घासू नका, पॉलिश पेपर मारू नका. फक्त डिझेलने हलकं पुसून उन्हात धरा आणि तुटलेला चेहरा नीट बघा.

त्या चेहऱ्यावर सहसा दोन भाग दिसतात. एक गुळगुळीत, काळपट किंवा गंजलेला, त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा वळणदार रेषा. दुसरा खडबडीत, दाणेदार, ताजा चमकणारा. पहिल्या भागात चीर हळूहळू सरकत गेली, दुसरा भाग शेवटच्या दणक्यात एकदम तुटला. रेषा जिथून पसरल्यासारख्या वाटतात तिथे चिरेचा जन्म झाला. गुळगुळीत भाग मोठा आणि दाणेदार भाग छोटा असेल, तर भार फार नव्हता, दोष बरेच दिवस आत होता. उलट असेल तर एखाद्या उडीत किंवा खड्ड्यात खरोखरच मोठा भार आला. आता ब्रॅकेटचा चेहरा आणि पाट्याचा चेहरा शेजारी ठेवून बघा. ज्यावर जुना गंज जास्त, त्यात चीर बहुधा आधी सुरू झाली.

मला वाटतं तुमच्या बाबतीत ब्रॅकेट आधी गेला असावा. गाडी ५० मिमी वर गेली म्हणजे चाक लोंबकळतं तेव्हा अॅक्सल पूर्वीपेक्षा खाली जातो. शॉकची लांबी तेवढीच आहे. चाक खड्ड्यावरून हवेत गेलं की शॉक पूर्ण ताणला जातो आणि त्या क्षणी अॅक्सल, चाक, ड्रम यांचं सगळं वजन तो एकटा झटक्याने थांबवतो. शॉक हे काम करायला बनवलेला नाही. असा प्रत्येक झटका ब्रॅकेटच्या वेल्डला वर ओढतो. हे तपासायचं असेल तर ब्रॅकेटचा कान (ज्यातून बोल्ट जातो ती पट्टी) कुठे वाकलाय ते बघा. वरच्या दिशेला ताणलेला असेल तर शॉक आखूड पडत होता. खाली दाबलेला असेल तर उलट, बम्प स्टॉपला (अॅक्सलची वरची चाल थांबवणारा ठोकळा) टेकण्याआधीच शॉक तळाला लागत होता.

ब्रॅकेट गेल्यावर त्या बाजूला कमानीला आवरणारं कुणी उरलं नाही. दाबलेली कमान उसळून परत येते तेव्हा खालचे पाटे मेन पाट्याला साथ देत नाहीत, तो एकटाच उलटा वाकतो. म्हणून कमानीवर पाट्यांना एकत्र धरणारे क्लिप असतात. जादा पाटा घालताना ते उघडले आणि नंतर सैल राहिले किंवा काढूनच टाकले, असं फार वेळा होतं. तुमचे आहेत का बघा.

आता पाटा नेमका सेंटर बोल्टच्या भोकातूनच का तुटला? यू बोल्ट (कमान अॅक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट) घट्ट असतील तर दोन यू बोल्टमधला पाट्याचा भाग वाकतच नाही, तो अॅक्सलच्या बैठकीवर आवळलेला असतो. सेंटर बोल्ट फक्त पाटे रांगेत ठेवतो आणि अॅक्सलची जागा दाखवतो, भार त्याने घ्यायचा नसतो. यू बोल्ट सैल झाले की मधला भाग वाकायला लागतो आणि भोकामुळे तिथे पाटा आधीच कमी रुंद असतो. त्यामुळे भोकातून तुटलेला पाटा म्हणजे सैल यू बोल्ट, हे मी जवळजवळ डोळे झाकून सांगेन. बैठकीच्या कडेवर तुटला असता तर जास्त भार किंवा धारदार कड असा संशय घेतला असता. पाट्याच्या टोकाला बोल्टसाठी वळवलेल्या डोळ्याजवळ तुटला असता तर गंज किंवा खालच्या पाट्याच्या टोकाचं घासणं शोधलं असतं. जादा पाटा घातल्यावर जुनेच यू बोल्ट परत वापरले का? यू बोल्ट आवळताना थोडा ताणतो, त्या ताणातूनच पकड मिळते. एकदा वापरून सोडलेल्या यू बोल्टवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. शिवाय कमान जाड झाल्यावर जुन्याचे आटे कमी पडतात. दरवेळी नवे घ्या.

पाटा वेल्ड का करायचा नाही, ते कारणासह सांगतो, कारण "माझ्या ओळखीच्याने केला आणि चालला" असं सांगणारे नक्की भेटतील. पाट्याच्या पोलादात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, साध्या पट्टीत ०.२ च्या आसपास. त्याला तापवून तेलात विझवलेलं असतं, मग पुन्हा बेताने तापवून चिवट केलेलं असतं. वेल्डिंगची उष्णता लागली की वेल्डच्या लगतची पट्टी झपाट्याने थंड होऊन काचेसारखी ठिसूळ होते आणि तिच्या पलीकडची पट्टी नरम पडते. ठिसूळ आणि नरम हातात हात घालून, तेही सगळ्यात जास्त ताणाच्या जागी. वेल्ड वरून कितीही सुंदर दिसला तरी चीर त्याच्या शेजारून जाणार. कॉइल स्प्रिंग, टॉर्शन बार, अँटी-रोल बार यांनाही हेच लागू आहे. स्टीअरिंगचा नकल, बॉल जॉइंट, टाय रॉडचे एंड यांना तर वेल्डिंगची कांडी दाखवायचीही नाही. तिथे भाग बदलायचा, दुसरा मार्ग नाही.

पाटा बदलताना दोन्ही बाजूंचा मेन पाटा बदला. उजव्यानेही तेवढीच चाल पाहिली आहे, फक्त अजून बोलला नाही. शक्य असेल तर असा संच घ्या ज्यात दुसरा पाटा मेन पाट्याच्या डोळ्याभोवती अर्धवट वळलेला असतो. डोळ्याजवळ मेन पाटा तुटला तरी तो अॅक्सलला जागेवर धरतो. दगडधोंड्यांत फिरणाऱ्या गाडीला ही फार मोठी सोय आहे.

आणखी एक पाटा चढवण्याचा विचार सोडा. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिमीऐवजी ७ मिमीचा पाटा टाकला तर तो एकटा पाटा जवळपास ६० टक्के जास्त कडक होतो. कडक कमान खड्ड्यात कमी दबते, मग तो दणका चेसिसच्या हँगरकडे (कमान जिथे टांगलेली असते तो कंस) आणि शॅकलच्या पिनकडे जातो. आखूड जादा पाटा तर आणखी वाईट, त्याचं टोक जिथे संपतं तिथेच वरचा पाटा मोडून वाकतो. गाडी रिकामी असताना मागून बसलेली वाटते का? वाटत नसेल तर तुमची कमान मुळात पुरेशी आहे.

आता ब्रॅकेट. इथे माझी स्वतःची चूक सांगतो. माझ्या पहिल्या गाडीत असाच ब्रॅकेट निघाला होता. मी ५ मिमीच्या जागी १० मिमीची पट्टी लावली, आजूबाजूला भरभरून वेल्ड केला आणि निर्धास्त झालो. पुढच्या वेळी ब्रॅकेट शाबूत राहिला, पण अॅक्सलच्या नळीचा तळहाताएवढा तुकडा सोबत घेऊन निघाला. गिअर तेल टायरवर उडालेलं दिसलं तेव्हा कळलं. पट्टी दुप्पट जाड केली की तिचा कडकपणा आठपट होतो. ती स्वतः अजिबात लवत नाही आणि सगळा ताण तिच्या कडेला, पातळ नळीच्या वेल्डपाशी गोळा होतो. म्हणून जाडी वाढवण्यापेक्षा पाया पसरा.

मी आता असं करतो. जुना वेल्ड ग्राइंडरने पूर्ण काढायचा, नळी उघडी करायची आणि डाय पेनिट्रंट मारून चिरा शोधायच्या. लाल द्रव फवारून दहाएक मिनिटं थांबायचं, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर मारायचा. चीर असेल तिथे लाल रेघ उमटते. डोळ्याला स्वच्छ दिसणाऱ्या नळीवर अशी बोटभर रेघ उमटलेली मी पाहिली आहे. चीर सापडली तर तिच्या दोन्ही टोकांना ३-४ मिमीचं भोक पाडा म्हणजे ती पुढे सरकत नाही, मग व्ही आकारात खणून वेल्डने भरा. रेघ टोकापलीकडेही गेलेली असते, म्हणून भोक दिसणाऱ्या टोकाच्या किंचित पुढे घ्या.

त्यावर नळीच्या गोलाईला बसेल अशी खोगिरासारखी ५-६ मिमीची पट्टी घ्या, लांब आणि दोन्ही टोकांना निमुळती. वेल्ड नळीच्या लांबीच्या दिशेने घ्या. नळीभोवती आडवा पूर्ण गोल वेल्ड घेऊ नका, तिथेच नळी मोडते. छोटे छोटे टाके, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, मध्ये हात लावता येईल इतकं गार होऊ द्या. एका बाजूला सलग वेल्ड घेतला तर नळी ओढून वाकते आणि मग चाकांची रांग बिघडते. आर्कने करणार असाल तर लो हायड्रोजन रॉड घ्या आणि तो कोरडा असू द्या. वेल्डिंगआधी अॅक्सलमधलं तेल काढा, ब्रीदर (हवा जायची तोटी) उघडा ठेवा, ब्रेकची नळी बाजूला घ्या, बॅटरीची तार सुटी करा. अर्थचा चिमटा ब्रॅकेटच्या अगदी जवळ, घासलेल्या धातूवर लावा. तो दूर चेसिसला लावला तर करंट चाकाच्या बेअरिंगमधून जाऊ शकतो आणि गोळ्यांवर खड्डे पडतात. शॉक आधी काढून लांब ठेवा, त्यात दाबाखाली वायू असू शकतो.

तुमच्या फोटोत शॉकचा खालचा बोल्ट एकाच कानातून आडवा बाहेर आलेला दिसतो. त्याऐवजी दोन कानांचा ब्रॅकेट करा, शॉकचा डोळा मधोमध. बोल्टला दोन्हीकडून आधार मिळाला की त्याच्यावरचं वाकवणारं ओझं खूप कमी होतं. माझ्या मते तुमच्या गाडीला खरी मजबुती या एका बदलाने मिळेल. बोल्ट १०.९ ग्रेडचा पुरे. या आकड्यातला पहिला भाग १०० ने गुणला की ताणशक्ती मेगापास्कलमध्ये मिळते, म्हणजे इथे १०००, आणि त्याच्या ९० टक्क्यांवर तो कायमचा ताणायला लागतो. बोल्टचा गुळगुळीत दांडा दोन्ही कानांतून जाईल एवढी लांबी घ्या, आटे कानाच्या भोकात येता कामा नयेत. भोक लांबट झालं असेल तर मोठा बोल्ट ठोकून बसवू नका, कान नवा करा.

आता मूळ दुखणं, शॉकची लांबी. चेसिस मजबूत स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही. शॉक काढा, अॅक्सल पूर्ण खाली लोंबू द्या आणि वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत माप घ्या. मग पाटे उतरवून अॅक्सल जॅकने बम्प स्टॉपला टेकवून दुसरं माप घ्या. नवा शॉक उघडल्यावर पहिल्या मापापेक्षा २०-२५ मिमी लांब हवा आणि मिटल्यावर दुसऱ्या मापापेक्षा तेवढाच आखूड. दोन्ही जमत नसेल तर बम्प स्टॉप खाली आणा किंवा अॅक्सलला लिमिट स्ट्रॅप (त्याला फार खाली जाऊ न देणारा पट्टा) बांधा. स्ट्रॅप भाराखाली थोडा ताणतो, तेवढी जागा धरूनच त्याची लांबी ठरवा. अॅक्सल लोंबत असताना ब्रेकचा होजही बघा. गाडी उचलल्यावर तो ताणला जातोय हे लोक विसरतात, आणि ती चूक शॉकच्या चुकीपेक्षा फार महागात पडते.

जोडणी करताना शॅकलचे आणि डोळ्याचे बोल्ट आधी हलके लावा, गाडी चाकांवर खाली घ्या, दोनदा हलवा आणि मगच आवळा. लोंबत्या स्थितीत आवळले तर रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. यू बोल्टही गाडीचं वजन कमानीवर असताना, समोरासमोर तिरके, थोडे थोडे करत टॉर्क रेंचने आवळा. पहिल्या १०० किमीनंतर पुन्हा, आणि एखाद्या खडतर फेरीनंतर पुन्हा.

गाडी अजून जिथे तुटली तिथेच उभी असेल, तर टो करून आणणं उत्तम. अगदीच चालवायची वेळ आली तर अॅक्सल आणि चेसिसच्या मध्ये लाकडाचा ठोकळा घट्ट बांधा. अॅक्सल मागे सरकू नये म्हणून साखळीने पुढच्या हँगरकडे ओढून ठेवा आणि माणसाच्या चालीने आणा. मेन पाटा तुटल्यावर अॅक्सलची जागा धरणारं काहीच नसतं. ब्रेक मारताच तो तिरका होतो आणि गाडी एकीकडे ओढते, म्हणून हमरस्त्यावर अजिबात घेऊ नका.

दोन्ही मापं काढलीत की इथे लिहा, सोबत उजव्या बाजूच्या ब्रॅकेटचा जवळून फोटो टाका. तिथेही वेल्डच्या कडेला गंजाची बारीक रेघ दिसते का, ते मला बघायचं आहे.