ऊस वजनकाट्याच्या प्रोग्रॅमचे लॉग सर्व्हरवर फाइलमध्ये कसे लिहू?

अथणी तालुक्यातल्या वजनकाट्यासाठी तुम्ही पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिलाय. घरच्या मशीनवर लॉग फाइल (प्रोग्रॅमने काय केलं याच्या नोंदी) तयार होते, सर्व्हरवर सर्व्हिस म्हणून चालवला की ती सापडत नाही, असं तुम्ही विचारलंय. मी बेळगावातून अशाच लहान संस्थांचे सर्व्हर सांभाळतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही कोडमध्ये फाइलचं नुसतं नाव दिलंय. सिस्टमडीने, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, सुरू केलेल्या सर्व्हिसची वर्किंग डिरेक्टरी, वेगळी सांगितली नसेल तर, रूट (/), म्हणजे सगळ्यात वरचं फोल्डर, असते, आणि साध्या युजरला तिथे लिहिता येत नाही. व्हार-लॉगमध्ये (/var/log) प्रोग्रॅमच्या नावाचं फोल्डर करा, त्याची मालकी सर्व्हिसच्या युजरला द्या, कोडमध्ये पूर्ण पाथ लिहा. कुणालाही लिहू देणारी ७७७ परवानगी देऊन मोकळं होऊ नका.

खरा विचार करायचा तो ओळीत काय असावं याचा. रात्री दोनला ट्रॅक्टर काट्यावर उभा आहे, वजन पडलंय, पावती निघत नाही आणि मागे रांग लागलीय, अशा वेळी ही फाइल उघडली जाणार. 'एरर आली' एवढं वाचून कुणाला काय कळणार? वेळ, लेव्हल (साधी माहिती, इशारा की एरर), टोकन नंबर, गाडी नंबर आणि कुठलं काम करताना अडलं, हे त्या एका ओळीत हवं. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, असेल तर आपले रात्रीचे दोन तिथे आदल्या तारखेचे २०:३० दिसतात, आणि पावतीशी ताळमेळ लावताना माणूस भलत्याच दिवशी शोधत बसतो. वेळ भारतीयच लिहा आणि तिच्यापुढे +०५:३० छापाच.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. एकाच शेतकऱ्याचं नाव उताऱ्यावर कन्नडमध्ये, सोसायटीच्या वहीत मराठीत, बँकेत इंग्रजीत. नावाने शोधलं तर अर्ध्या ओळी हाती लागतच नाहीत. त्यामुळे लॉगमध्ये सभासद क्रमांक लिहा. शेतकऱ्याचं नाव, आधार, खाते नंबर तिथे नकोतच, ती त्याची खासगी माहिती आहे. तरीही मराठी-कन्नड मजकूर येणारच, म्हणून हँडलरला, म्हणजे फाइलमध्ये ओळी लिहिणाऱ्या पायथनच्या भागाला, एन्कोडिंग यूटीएफ-८ स्पष्ट सांगा.

आता फाइल वाढत जाण्याचं. प्रोग्रॅमची एकच प्रोसेस चालू असेल तर पायथनचा रोटेटिंग-फाइल-हँडलर पुरे; फाइल भरली की तो ती बाजूला ठेवून नवी सुरू करतो. मॅक्सबाइट्स (एका फाइलचा कमाल आकार) १० एमबी आणि बॅकअपकाउंट (जुन्या फाइल किती ठेवायच्या) १० ठेवलं, तर सगळं मिळून ११० एमबीच्या आसपास राहतं. बॅकअपकाउंट शून्य राहिला तर फाइल फिरतच नाही, वाढतच जाते, आणि मुळात तो शून्यच असतो. अनेक प्रोसेस एकाच फाइलवर लिहीत असतील तर हा हँडलर नको. लॉगरोटेट (जुन्या लॉग फाइलचं नाव बदलून बाजूला ठेवणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) लावा आणि कोडमध्ये वॉच्ड-फाइल-हँडलर घ्या. तो फाइल बदललेली ओळखून नवी उघडतो. साधा हँडलर असेल तर लॉगरोटेटने नाव बदललं तरी प्रोग्रॅम जुन्याच फाइलवर लिहीत राहतो. ती जुनी फाइल पुसली तरी प्रोग्रॅम सोडेपर्यंत डिस्कवरची जागा सुटत नाही. डिस्कची शिल्लक जागा दाखवणारी डीएफ कमांड म्हणते डिस्क भरली, फाइलींचे आकार मोजणाऱ्या डीयूच्या बेरजेत ती जागा दिसत नाही. असं झालं तर उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसओएफने पुसलेली पण उघडी फाइल शोधा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. लॉगरोटेटमध्ये कॉपीट्रंकेटचाही, म्हणजे फाइलची प्रत काढून मूळ फाइल रिकामी करण्याचा, पर्याय आहे, पण कॉपी आणि रिकामी करणं यांच्या मधल्या क्षणी आलेल्या ओळी जातात. वजनाच्या नोंदींसाठी मी तो वापरत नाही.

गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी लॉगरोटेट एकदा फोर्स करून चालवा, काट्यावर रिकामी गाडी घ्या आणि तिची ओळ नव्या फाइलमध्ये आली का ते पाहा.