शौलाचं राज्य गेलं, दाविदाचं राहिलं, असं का?

तुमचा प्रश्न असा आहे: इस्राएलचा पहिला राजा शौल याने शत्रू असलेल्या अमालेक्यांची काही गुरंमेंढरं राखली म्हणून त्याचं राज्य गेलं, आणि नंतरचा राजा दावीद याने दुसऱ्याची बायको घेऊन वर तिच्या नवऱ्याला मारवलं, तरी त्याचं सिंहासन टिकलं. मग बायबलमधला देव पक्षपाती आहे का?

शाळेत असताना मीही पाळकांना हेच विचारलं होतं. "शौलाने पश्चात्ताप केला नाही, दाविदाने केला," एवढंच उत्तर मिळालं. तेव्हा मान डोलावली, पण नंतर अध्याय नीट वाचला तर शौल चक्क दोनदा "मी पाप केलं आहे" म्हणतो. म्हणजे नुसत्या कबुलीवर हे भागत नाही.

पहिले शमुवेल या पुस्तकाचा 15वा अध्याय काढा. देवाची आज्ञा होती अमालेक्यांचा समूळ नाश करायची, माणसांचा आणि जनावरांचाही. (तान्ही बाळंसुद्धा त्यात येतात. हे वचन वाचताना माझा आवाज अजूनही अडखळतो. त्यावर गुळगुळीत स्पष्टीकरण माझ्याकडे नाही आणि ज्यांच्याकडे असतं त्यांची मला जरा भीतीच वाटते.) शौलाने लढाई जिंकली, त्यांचा राजा अगाग याला जिवंत धरलं, धष्टपुष्ट गुरंमेंढरं राखली आणि टाकाऊ तेवढी मारली. मग कर्मेल इथे स्वतःचं स्मारक उभारून तो गिलगालला उतरला. संदेष्टा शमुवेल भेटायला आला तर हाच आधी पुढे होऊन सांगतो, परमेश्वराची आज्ञा मी पाळली. त्यावर म्हातारा विचारतो: मग माझ्या कानांवर हे मेंढरांचं बेंबें कसलं पडतंय?

मी संडे स्कूलला शिकवते. हा प्रसंग सांगताना एक पोरगा हमखास मागच्या बाकावरून "बेंऽऽ" करतो आणि सगळा वर्ग फुटतो. मी त्याला गप्प करत नाही. गोष्टीत हेच तर झालंय! राजा अहवाल देतोय आणि पुरावा मागे ओरडतोय.

इथे हिब्रू भाषा फार बारीक काम करते. 'शामा' हे क्रियापद आपल्या 'ऐकणे'सारखंच दुहेरी आहे. "पोरगं ऐकत नाही" म्हटलं की त्याचे कान तपासायला कुणी डॉक्टरकडे नेत नाही. आणि 'कोल' म्हणजे आवाज. अध्यायाच्या सुरुवातीला शमुवेल सांगतो, परमेश्वराच्या शब्दांचा 'कोल' ऐक. मग मेंढरांचा 'कोल' येतो. शेवटी शौल कबूल करतो की मी लोकांना भ्यालो आणि त्यांचा 'कोल' ऐकला. तिन्ही ठिकाणी शब्द तोच. शौल बहिरा नव्हता, त्याने ऐकलं ते दुसऱ्याचं.

त्याच्या सबबी तर आपल्या ऑफिसातल्या वाटतात. लोकांनी राखली, मी नाही. राखली तीही "तुझा देव परमेश्वर" याला यज्ञ करायला. हा 'तुझा' शब्द वाचून पुढे जाऊ नका. आणि दुसऱ्यांदा "मी पाप केलं" म्हणाल्यावर त्याच दमात पुढचं वाक्य: तरी आता वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख.

आता दावीद. त्याचा गुन्हा मोठा, यात वादच नाही. बथशेबेला घेतलं आणि तिचा नवरा उरीया याच्या मरणाचं पत्र त्याने उरीयाच्याच हाती पाठवलं. पण नाथान संदेष्ट्याने गरिबाची एकुलती मेंढी लुबाडल्याची गोष्ट सांगून "तो मनुष्य तूच" म्हटल्यावर दाविदाच्या तोंडी मूळ हिब्रूत दोनच शब्द आहेत: 'हाताती लायाव्हे', मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. बथशेबेवर ढकलणं नाही, मान राखण्याची विनंती नाही.

पण तो सुटला, हे तुमचं गृहीतकच मला पटत नाही. नाथानाच्या गोष्टीतल्या मेंढी चोरणाऱ्याने चौपट भरपाई द्यावी, असा निवाडा त्यानेच रागात दिला होता. बथशेबेचं बाळ 7व्या दिवशी गेलं. दाविदाचा मुलगा अम्नोन याने सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार केला, तिचा सख्खा भाऊ अबशालोम याने त्याला मारवलं, मग तोच बापावर उठला आणि मारला गेला. दाविदाच्या मरणानंतर त्याचा आणखी एक मुलगा अदोनीयाही गेला. जुने यहुदी भाष्यकार त्या चौपटीचा हिशेब असाच मुलांवर लावतात, पण त्यांच्या यादीत अदोनीया नाही, चौथी तामार आहे. सिंहासन टिकलं खरं, पण अबशालोमासाठी वेशीवरच्या माडीत जाऊन रडणारा बाप वाचा आणि मग मला सांगा.

शौलाचा शेवट गिलबोवा डोंगरावर झाला, तीन मुलांसह, पलिष्ट्यांशी लढताना. आदल्या रात्री तो वेष पालटून एन-दोरच्या भूतविद्या करणाऱ्या बाईकडे गेला होता, कारण देव उत्तर देईना. आणि त्याचा मुकुट सिकलागला दाविदाकडे घेऊन कोण आलं? दुसऱ्या शमुवेलाच्या पहिल्याच अध्यायात तो माणूस स्वतःची ओळख सांगतो: मी अमालेकी आहे.