राजीनाम्यावर सही करू नकोस

ठाणे, एप्रिल

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. ऐरोलीच्या डेटा सेंटरचं देखभालीचं कंत्राट 31 मार्चला संपलं, नव्या कंत्राटदाराने कमी माणसांत काम उचललं आणि जुन्या यादीतून गळलेल्या नावांत तुझंही नाव निघालं. वाईट वाटलं. तीन वर्षं रात्रपाळ्या काढल्यावर हे असं कळावं, तेही व्हॉट्सअॅप ग्रुपवर, हे बरोबर झालेलं नाही. पण तुझ्या निरोपातली शेवटची ओळ मला जास्त बोचली. सुपरवायजर म्हणतोय, "राजीनामा लिहून दे, फुल अँड फायनल (राहिलेला सगळा हिशेब) लवकर होईल." या पत्रातलं दुसरं काही नंतर वाचलंस तरी चालेल, एवढं मात्र आजच ऐक. राजीनाम्यावर सही करू नकोस.

माझी सगळी नोकरी टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांच्या कार्मिक विभागांत झाली. टेबलाच्या त्या बाजूला बसून हा कागद मालकाला किती उपयोगी पडतो ते मी पाहिलंय. काढलेल्या माणसाचं देणं वेगळं आणि स्वतःहून गेलेल्याचं वेगळं. वर्षभरात 240 दिवस काम भरलेल्या कामगाराची छाटणी करायची, तर कायद्याने एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो, शिवाय पूर्ण केलेल्या दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. राजीनामा दिलास की हे सगळं संपलं. आणि लवकर पैसे मिळण्याचं म्हणशील, तर त्यात काही तथ्य नाही. वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. माणसाला काढलं काय किंवा त्याने राजीनामा दिला काय, राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत द्यायचा असं त्यात सरळ लिहिलंय. राजीनाम्याने एक दिवसही वाचत नाही, वाचतात ते कंत्राटदाराचे पैसे.

आता तुझं नियुक्तीपत्र काढ आणि मुदतीचं कलम शोध. यावर बरंच काही अवलंबून आहे. "या तारखेपासून त्या तारखेपर्यंत" अशी नेमणूक असेल आणि मुदत भरून ती संपली असेल, तर कायदा त्याला छाटणी मानत नाही आणि भरपाईचा दावा टिकत नाही. पण पत्रात मुदत नसेल, किंवा मुदत शिल्लक असताना "साइट गेली" म्हणून तुला थांबवलं असेल, तर गोष्ट वेगळी. साइट कंत्राटदाराच्या हातून गेली, त्याच्याकडची तुझी नोकरी आपोआप गेली असं होत नाही. त्याने तुला दुसऱ्या साइटवर पाठवावं, नाहीतर रीतसर काढावं. हे त्याला ईमेलवर विचार, साध्या दोन ओळींत: माझी पुढची नेमणूक कुठे, आणि नसेल तर कार्यमुक्तीचं पत्र कधी. फोनवर बोलणं झालं तरी त्यानंतर ईमेल टाकच. फोनवरचं बोलणं उद्या कुणी नाकारलं, तर तुझ्या हातात काय राहणार?

मार्चचा पगार "क्लायंटकडून बिल पास झालं नाही" म्हणून अडकवतील, ही तयारी ठेव. ते बिल त्या दोघांमधलं, तुझा पगार त्यावर टांगता येत नाही. कंत्राटदाराने दिला नाही, तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे डेटा सेंटरच्या कंपनीवर येते. आधी कंत्राटदाराला लिही, मग त्या कंपनीच्या प्रशासन विभागाला प्रत पाठव. अनेकदा ती प्रत गेली की पैसे येतात. नाहीच आले तर ठाण्यातलं कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथे जायला वकील लागत नाही, नियुक्तीपत्र, पगाराच्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट आणि गेटपासची झेरॉक्स लागते. म्हणून गेटपास आणि युनिफॉर्म परत करण्याआधी पासचा फोटो काढून ठेव आणि परत केल्याची पोच घे.

पीएफचं थोडक्यात सांगते. यूएएनने (तुझ्या कायमच्या पीएफ क्रमांकाने) पासबुक उघड आणि तीनही वर्षांचा भरणा महिन्यागणिक तपास. पगारातून कापलेली रक्कम खात्यात न पोहोचल्याची प्रकरणं आपल्याकडे नवी नाहीत, आणि कंत्राटदार त्या साइटवरून निघून गेल्यावर त्याला गाठणं कठीण होतं. नोकरी सोडल्याची तारीख त्याने नोंदवली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती तुला स्वतःला पोर्टलवर टाकता येते. पैसे मात्र काढू नकोस. पाच वर्षांच्या आत काढलेल्या पीएफवर कर लागतो, आणि पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा मोजतात, त्यातली तुझी तीन झाली आहेत. नव्या ठिकाणी हाच यूएएन दे. "आम्ही नवीन काढतो" म्हणाले तरी दे.

आईच्या औषधांची काळजी तू लिहिली नाहीस, पण मला माहीत आहे ती रोज बीपीची गोळी घेते आणि तुझ्या ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विम्याच्या, कार्डावर घेते. तुझा पगार 21,000 च्या आत होता म्हणून तुम्ही त्या योजनेत आहात. नोकरी गेली की कार्डही त्याच दिवशी मेलं असं लोक समजतात आणि दवाखान्यात जायचं सोडतात. तसं नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचे लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतात, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचे जुलै ते डिसेंबरमध्ये. तुझी वर्गणी मार्चपर्यंत भरली आहे, म्हणजे दवाखाना डिसेंबरअखेरपर्यंत चालू राहायला हवा. वागळे इस्टेटच्या रुग्णालयात जाताना ई-पेहचान पत्र घेऊन जा, आणि कुणी "नोकरी नाही ना" म्हणून परत पाठवू लागलं तर शाखा कार्यालयात हा हिशेब दाखव.

तिथेच आणखी एक विचार: अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. 2018 साली सुरू झाली. विमाधारकाची नोकरी गेली, तर त्याच्या सरासरी रोजच्या कमाईच्या 50 टक्के रक्कम, जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदा मिळते. बेकारीला 30 दिवस झाल्यावर अर्ज करता येतो. योजना मुदतीमुदतीने वाढवत आणली आहे, म्हणून अर्ज लांबवू नकोस. स्वतःच्या इच्छेने सोडल्याचा कागद तुझ्या नावावर असेल तर इथेही तुला प्रश्न विचारतील. सुपरवायजरच्या त्या "लवकर"ची किंमत किती ठिकाणी मोजावी लागली असती, बघ.

आता कामाविषयी. तू पाठवलेला बायोडाटा मी दोनदा वाचला. तीन वर्षांची नोकरी तू एका ओळीत संपवलीस: "थर्ड पार्टी पेरोलवर टेक्निशियन". अरे, पेरोल ही कंत्राटदाराची सोय आहे. तू काय केलंस ते त्यात कुठे आहे? मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. कंत्राटी माणसाचं काम दुसऱ्याच्या नावावर जमा होतं. लॉगबुक क्लायंटचं, रिपोर्टवर सही सुपरवायजरची, सर्टिफिकेट कंत्राटदाराच्या लेटरहेडवर, तेही मिळालं तर. साइट बदलली की तुझं काम कुणाच्याच आठवणीत राहत नाही. म्हणून ते आठवतंय तोवर, या आठवड्यात, तू स्वतः लिहून काढ. बायोडाटा दहा ठिकाणी पाठवण्याआधी हे कर.

एक वही घे. एक पाळी डोळ्यांसमोर आण आणि ती तासातासाने लिही. पाळी घेताना काय तपासायचास? किती चिलर (पाणी गार करणारी यंत्रं) चालू, किती स्टँडबाय? थंड हवा सर्व्हरच्या तोंडाशी 18 ते 27 अंशांत ठेवायची असते. जून-जुलैत बाहेर दमट हवा असताना ती कशी राखलीत, अलार्म आला की आधी कुठे पळायचास? डीजीची, म्हणजे डिझेल जनरेटरची, चाचणी किती दिवसांनी, लोड घेऊन की नुसती? वीज गेल्यापासून डीजी भार घेईपर्यंत यूपीएसच्या बॅटऱ्यांनी किती वेळ सांभाळलं? बॅटऱ्यांची व्होल्टेज कोण नोंदवायचं? काम सुरू करण्याआधी परमिट कोण काढायचं, ब्रेकरला कुलूप आणि टॅग कोण लावायचं? त्या पावसाळ्यात रात्री चिलर ट्रिप होऊन बंद पडला आणि इंजिनिअर वाटेत अडकला तेव्हा तू काय केलंस, ते तू मला सांगितलं होतंस. ते बायोडाटात नाही! तीन ओळींत ते लिही: काय बिघडलं, तू काय केलंस, पुढे काय झालं.

यात एक मर्यादा पाळ. कुणाचे सर्व्हर होते, कुठला दरवाजा कुठे उघडतो, पासवर्ड, आतले फोटो यातलं काही लिहायचं नाही, बोलायचंही नाही. तू गोपनीयतेच्या कागदावर सही केली आहेस. शिवाय मुलाखतीत जुन्या जागेची गुपितं सांगणाऱ्या माणसाला कुणी आत घेत नाही.

हे लिहून झालं की तुला दिसेल, तुझं काम डेटा सेंटरपुरतं नव्हतंच. चिलर, एएचयू (गार हवा खेळवणारं यंत्र), डीजी, पॅनेल, बीएमएस (इमारतीच्या यंत्रांवर संगणकाने नजर ठेवणारी यंत्रणा) हे सगळं मोठ्या रुग्णालयांत आहे, मॉलमध्ये आहे, रबाळे-महापेच्या औषध कारखान्यांत आहे, तुर्भ्याच्या शीतगृहांत रेफ्रिजरेशन आहे, आणि आता नवी मुंबई विमानतळही सुरू झालाय. तू कळव्याचा. ठाण्याहून सुटणारी ट्रान्सहार्बरची गाडी दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे करत जाते, आणि त्या प्रत्येक स्टेशनच्या बाहेर कुठे ना कुठे चिलर फिरतोय. शोध याच लाइनवर सुरू कर. रात्रपाळी असेल तर घरी परतायला गाडी कधी मिळते ते पगाराचा आकडा ऐकण्याआधी बघ. रोजची रिक्षा पगारातला मोठा तुकडा खाते.

पहिला फोन मात्र जुन्याच साइटवर कर. नव्या कंत्राटदाराने माणसं कमी घेतली आहेत, म्हणजे पहिल्या महिन्यातच त्याची ओढाताण होणार. कुठला व्हॉल्व्ह अडकतो आणि कुठला सेन्सर खोटं बोलतो हे माहीत असलेला माणूस त्याला हवा असतो, फक्त हे त्याला अजून कळलेलं नसतं. क्लायंटच्या इंजिनिअर साहेबांना नम्रपणे विचार की तुझं नाव ते सुचवतील का. त्यांनी नाही म्हटलं तरी रेफरन्स द्याल का, एवढं विचारून घे. यात कमीपणा वाटू देऊ नकोस, त्यांनीच तुझं काम रात्री-अपरात्री पाहिलंय.

मुलाखतीत "नोकरी का सोडली" विचारतील. "साइटचं कंत्राट बदललं, 31 मार्चला माझी नेमणूक संपली." बस. जुन्या कंत्राटदाराला शिव्या घालू नकोस, गॅप लपवायला खोटी तारीखही घालू नकोस. पीएफच्या नोंदीत सगळं दिसतं.

विमानतळाच्या नावाने फोन येतील. "रजिस्ट्रेशनचे 3,000 भरा, गणवेशाचे भरा, पोलीस व्हेरिफिकेशनचे भरा." एक रुपया देऊ नकोस. खरी नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे मागत नाही. आणि घाबरून किंवा घाईत कधी गेलेच पैसे, तर लाजून गप्प बसू नकोस, लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन कर.

मोटारसायकलचा हप्ता आहे ना? बँकेला किंवा फायनान्स कंपनीला हप्ता बाउन्स होण्याआधी फोन कर, नंतर नाही. आधी बोलणाऱ्याला तारीख पुढे-मागे करून मिळण्याची शक्यता असते, बाउन्स झाल्यावर दंड आणि बिघडलेला क्रेडिट स्कोअर घेऊन बोलावं लागतं. मधल्या काळात त्याच मोटारसायकलवर डिलिव्हरीचं काम करावं का, असं तू विचारलंस. घरात गरज असेल तर जरूर कर, त्यात मान खाली घालण्यासारखं काही नाही. पण आठवड्यातले दोन दिवस सकाळ मोकळी ठेव, कारण मुलाखती सकाळीच असतात. आणि दोन जागा समोर आल्या, एक तुझ्या कामाची पण पगार थोडा कमी आणि दुसरी भलत्याच कामाची पण थोडा जास्त, तर मी तुला पहिली घ्यायला सांगेन. तीन वर्षांची सलगता तुटली की तुला पुन्हा नवख्याच्या रांगेत उभं करतील.

घरी वडिलांना अजून सांगितलं नाहीस हे मला आवडलं नाही. डबा घेऊन निघायचं आणि दिवसभर तलावपाळीवर बसायचं, हे फार दिवस चालत नाही आणि माणसाला आतून पोखरतं. आज रात्री जेवताना सांग. घराबाहेर बसायला जागाच हवी असेल तर स्टेशनजवळचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, 1893 पासून ठाणेकरांना वाचायला जागा देतंय. तिथे बसून वही लिही आणि विद्युत पर्यवेक्षकाच्या परवान्याचा अभ्यास सुरू कर. डिप्लोमा आहे, अनुभव आहे, परवाना हातात आला की पुढच्या कंत्राटात तुझी जागा आणि तुझा आकडा दोन्ही बदलतील. त्या अर्जालाही अनुभवाचा दाखला लागतो, म्हणून कंत्राटदाराकडे कार्यमुक्तीच्या पत्रासोबत तो आत्ताच माग. त्यात नुसतं "टेक्निशियन" नको, कोणत्या उपकरणांवर आणि किती व्होल्टेजवर काम केलंस ते यायला हवं. मजकूर तूच तयार करून दे, त्यांना फक्त लेटरहेडवर घ्यायचा असतो.

रविवारी सकाळी ये. नियुक्तीपत्र, पगाराच्या सगळ्या पावत्या आणि वहीची जेवढी पानं भरली असतील तेवढी घेऊन ये. कंत्राटदाराचं पत्र आपण आधी लिहू, बायोडाटा मग.

तुझी,
मावशी