विमानं भरलेली असतात, तरी कंपन्या का बुडतात?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्या मुलीची एका विमान कंपनीत ग्राउंड स्टाफ म्हणून निवड झाली आहे. घरात आनंद आहे, पण मला धास्ती वाटते. किंगफिशर गेली, जेट गेली, गो फर्स्ट गेली. पुण्याहून दिल्लीला जाताना एक सीट रिकामी दिसत नाही, तिकिटालाही भरपूर पैसे पडतात. आमच्याकडे दोन बसवर धंदा सुरू केलेल्या ट्रॅव्हल्सवाल्याच्या आज वीस बस आहेत. मग विमानवाल्यांनाच का जमत नाही? – एक वाचक, सातारा

उत्तर : तुमची धास्ती रास्त आहे. मुंबईत एका विमान कंपनीच्या अकाउंट्स विभागात मी नोकरीला होते. इंधनाची बिलं माझ्या टेबलावर यायची आणि ती कंपनी बंद पडताना मी आतून पाहिली. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या ट्रॅव्हल्सवाल्याची बस हप्ते फिटले की त्याची होते. डिझेल, टायर, ड्रायव्हरचा पगार, सगळा व्यवहार रुपयात. पावसाळ्यात गिऱ्हाईक घटलं तर चार बस उभ्या करता येतात, लग्नसराईत वऱ्हाडाला देता येतात. विमान कंपनीला अशी मोकळीक नसते. तिची बहुतेक विमानं भाड्याची आणि भाडं डॉलरमध्ये. इंजिनांची देखभाल आणि सुटे भागही डॉलरमध्येच. तिकीट मात्र रुपयात विकायचं. रुपया घसरला की एकही प्रवासी कमी न होता खर्च वाढतो. शिवाय विमान जमिनीवर उभं असलं तरी भाडं चालूच राहतं. गो फर्स्टची निम्मी विमानं इंजिनांअभावी उभी होती. अमेरिकन कंपनीकडून इंजिनं वेळेत मिळत नाहीत, हेच कारण देऊन तिने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

मग इंधन. आपल्याकडे एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, इंधनावर जातो. हे इंधन जीएसटीत नाही, त्यावर राज्यं आपापला व्हॅट लावतात. महाराष्ट्राने मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २०२३ च्या अर्थसंकल्पात २५ टक्क्यांवरून १८ वर आणला, तरी १८ टक्के काही थोडे नव्हेत.

पण खर्च जास्त असलेले धंदे पुष्कळ आहेत. ते भाव वाढवतात आणि तगतात. विमान कंपनीला तेच जमत नाही, आणि माझ्या मते खरी मेख इथे आहे. विमान उडालं की रिकामी सीट कायमची गेली. ते उडवायचं ठरलं की वैमानिक, भाडं, लँडिंगचे पैसे, बहुतेक इंधन, हा खर्च होणारच, माणसं शंभर असोत की एकशे ऐंशी. म्हणून शेवटच्या सीटा मिळेल त्या भावाला विकायचा मोह प्रत्येकाला होतो. आणि प्रवाशाला मोबाइलवर सगळ्यांचे दर एकाखाली एक दिसत असतात.

त्यात एखादी कंपनी अडचणीत आली की काय होतं, ते मी रोज पाहत होते. तेल कंपन्या एरवी उधारीवर इंधन देतात. थकबाकी फुगली की 'कॅश अँड कॅरी'वर टाकतात, म्हणजे आधी पैसे, मग इंधन. आमच्यावर ती वेळ आली तेव्हा संध्याकाळी बँकेचे व्यवहार थांबायच्या आत दुसऱ्या दिवसाच्या इंधनाचे पैसे पोचवावे लागत. ते पोचल्याचा निरोप गेल्याशिवाय इंधनाची गाडी विमानापाशी लागत नसे. हे पैसे आणायचे कुठून? पुढच्या महिन्यांची तिकिटं आज विकून. सेल्सवाले येऊन विचारायचे, "उद्याला किती कमी पडतात?" आणि रात्री पुढच्या तिमाहीच्या तिकिटांवर सवलत जाहीर व्हायची. आमच्या मार्गांवरच्या इतर कंपन्यांनाही मग दर पाडावे लागायचे. म्हणजे बाजारातला भाव ठरवायची सर्वात जास्त नड असलेली कंपनी. एप्रिल २०१९ मध्ये जेटची सेवा थांबली आणि लगेच देशभर तिकिटं महागली, त्यामागे हेही एक कारण होतं.

मालकांचे निर्णयही नडतात. २००७ साली जेटने तोट्यातली एअर सहारा १,४५० कोटींना घेतली, त्याच वर्षी किंगफिशरने एअर डेक्कनमध्ये हिस्सा घेतला. पुढच्याच वर्षी, जुलै २००८ मध्ये, तेल बॅरलमागे १४७ डॉलरवर गेलं. त्या धक्क्यातून दोघीही पुऱ्या सावरल्या नाहीत.

मग इंडिगो कशी चालते, हे तुम्ही विचाराल. तिने २००५ मध्ये, एकही विमान उडवण्याआधी, एकदम १०० एअरबसची ऑर्डर दिली आणि घसघशीत सूट मिळवली. विमान ताब्यात आलं की भाडेकंपनीला विकायचं आणि तेच भाड्याने परत घ्यायचं, म्हणजे पैसा अडकून राहत नाही. अनेक वर्षं जवळपास एकाच जातीची विमानं ठेवली, त्यामुळे वैमानिकांचं प्रशिक्षण आणि सुटे भाग स्वस्तात पडले. हे सगळं करूनही २०२०-२१ आणि २०२१-२२ या दोन वर्षांत तिला जवळपास १२,००० कोटींचा तोटा झाला. २०२३-२४ चा गाजलेला नफा ८,१७२ कोटींचा, म्हणजे त्या तोट्याहून कमीच होता. सर्वात शिस्तीच्या कंपनीची ही गत! जगभरच्या कंपन्यांचं बोलायचं तर आयाटा या त्यांच्या जागतिक संघटनेने २०२५ साठी एका प्रवाशामागे सुमारे सात डॉलर निव्वळ नफ्याचा अंदाज केला होता. विमान बनवणारे, भाड्याने देणारे, विमानतळ चालवणारे यांची कमाई सहसा याहून बरी असते.

मुलीला जाऊ द्या. काम शिकायला हे क्षेत्र उत्तम आहे आणि तो अनुभव हॉटेलांत, इस्पितळांत, कुठेही मानला जातो. फक्त तिला पीएफचं पासबुक दर महिन्याला बघायला सांगा. भरणा दोन महिने दिसला नाही किंवा पगार तुकड्यातुकड्यांनी येऊ लागला, तर लगेच दुसरीकडे अर्ज करायला लावा. कंपनी अवसायनात गेली, म्हणजे मालमत्ता विकून देणी फेडायची वेळ आली, की कामगार कायद्याखाली 'कामगार' न ठरणाऱ्या कर्मचाऱ्यांचा थकलेला पगार तारण असलेल्या बँकांचे पैसे फिटल्यावरच मिळतो, तोही शेवटच्या बारा महिन्यांपुरता. माझ्या विभागातल्या मुली "पुढच्या महिन्यात सुरळीत होईल" या शब्दावर थांबल्या होत्या. त्यांच्या घरांचे हप्ते थकले, ते मला अजून सलतं.

प्रश्न : सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावरून मुंबईला विमान सुरू झालं तेव्हा आम्ही पेढे वाटले. तीन वर्षांत ते बंद. मागणी तर होती, मग का? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेली ती सेवा लहान शहरं विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेतली होती. या योजनेत निम्म्या सीटांचे दर बांधून दिलेले असतात आणि तूट सरकार भरून देतं, पण तीन वर्षंच. मार्गावर धावणारं एटीआर हे लहान विमान सुमारे सत्तर आसनांचं. लहान विमानात वैमानिक दोनच लागतात, पण त्यांचा खर्च कमी माणसांवर वाटला जातो. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं घेता येत नाहीत. तिथला स्लॉट, म्हणजे विमान उतरवायची-उडवायची ठरवून मिळालेली वेळ, सोन्याच्या मोलाचा. त्याच वेळेत १८० जणांचं दिल्लीचं विमान सुटत असेल तर कोणतीही कंपनी तेच सोडेल. कोकणातल्या माणसाला रुग्ण घेऊन, परीक्षेला, कोर्टकचेरीला मुंबईत जावं लागतं, तेव्हा हे बाजारावर सोडून चालणार नाही. नवी मुंबईच्या विमानतळावर लहान विमानांसाठी सकाळचे आणि संध्याकाळचे काही स्लॉट राखून ठेवा, अशी मागणी तुमच्या आमदार-खासदारांकडे लावून धरा.