लिटल ब्लूस्टेम गवत ऑगस्टमध्ये लोळतंय, कोणतं खत घालू?

कोणतंच नाही. कंपोस्ट घातलेला वाफा, दर आठवड्याला पाणी, आणि वर "तरीही ठोंब मधूनच फाकतोय" असं तुम्ही लिहिलंय. तरीही कसलं, त्यामुळेच फाकतोय.

हे गवत उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीतलं, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांतलं, नेब्रास्का आणि कॅन्ससचं राज्यगवत. कोरड्या, मुरमाड उतारावर ते कमरेएवढं ताठ उभं राहतं, कारण मुळं दीड मीटर आणि त्याहूनही खोल जातात. नत्र मिळालं की काडी भराभर उंच होते पण मऊ राहते. मग तुरे आले, त्यावर एक जोरदार सर आली की संपलं. बुडाशी काडी दोन बोटांत धरून पाहा. हलक्या जमिनीतली कडक लागते, निळसर दिसते, पेरांशी जांभळट. तुमची हिरवीगार असेल आणि सहज दबेल. ऊनही मोजा, किमान सहा तास थेट हवं.

ठोंब हलवायचाच असेल तर वसंतात, नवे फुटवे 5-8 सेंटीमीटर झाल्यावर. शरद ऋतूत अजिबात नको. हे उष्ण हंगामाचं गवत, थंड मातीत मुळं धरत नाही आणि ओल्या हिवाळ्यात गड्डा, म्हणजे फुटवे निघतात तो बुडखा, कुजतो. धारदार फावड्याने कापा, प्रत्येक तुकड्यावर पाच-सहा फुटवे ठेवा. गड्डा मातीच्या पातळीत किंवा किंचित वर, दोन रोपांत 45-60 सेंटीमीटर अंतर. चिकणमातीत मूठभर वाळू मिसळून काही होत नाही, वाफाच 15-20 सेंटीमीटर उंच करा. आच्छादन बारीक खडीचं, गड्ड्यापासून लांब.

आणि कापणी? "थंडीआधी साफ करा" हा सल्ला मला मुळीच पटत नाही. तांबूस काड्या आणि उन्हात चमकणारं पांढरं लुसलुशीत बी, यासाठीच तर हे गवत लावायचं! शिवाय किडे त्यातच हिवाळा काढतात. हिवाळा सरता सरता 10-15 सेंटीमीटरवर कापा.

एक राहिलं: पहिल्या हंगामात मुळं बसेपर्यंत पाणी द्यावंच लागतं, ते तोडू नका. आणि जात 'द ब्लूज' असेल तर ती रंगाला सुरेख, पण लोळणारीच. ताठपणा हवा तर 'स्टँडिंग ओव्हेशन' लावा. यंदा जे लोळलंय ते सुतळीने सैल बांधा, पाणी आजपासून बंद.