वाचकांचे प्रश्न : घसरणारा क्लच केव्हा बदलावा?

प्रश्न : गेल्या वर्षी मी ८०,००० किलोमीटर धावलेली पेट्रोल गाडी घेतली. गोव्याहून बेळगावला येताना चोर्ला घाटाच्या चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी त्या मानाने ओढत नाही. मेकॅनिक क्लच बदलायला सांगतात. पावसाळा संपेपर्यंत थांबले तर चालेल का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : आपण सांगितलेले लक्षण क्लच घसरण्याचेच दिसते, तरी खर्चापूर्वी सपाट, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरच्या आसपास असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहावा. इंजिनाचे फेरे एकदम वाढले आणि वेग मात्र रेंगाळला, तर शंका उरत नाही. ही चाचणी वारंवार करू नये, कारण प्रत्येक वेळी क्लचची प्लेट (इंजिनाची ताकद घर्षणाने गिअरबॉक्सकडे पोहोचवणारी चकती) आणखी जळते. किलोमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नका, कारण आधीच्या मालकाला क्लच पेडलवर पाय ठेवून चालवण्याची सवय असेल तर प्लेट लवकर झिजते.

क्लच पेडलला थोडी मोकळी चाल (क्लच सुटू लागण्याआधीची ढिलाई) आहे का, हे आधी तपासून घ्या. पेडलला क्लचशी जोडणारी केबल अतिताणलेली असेल तर चांगला क्लचही घसरतो आणि ते काम किरकोळ खर्चात होते. केबल ठीक असूनही घसरण राहिली, तर पावसाळाभर थांबू नये, कारण प्लेटचे रिव्हेट उघडे पडून फ्लायव्हील (प्लेट ज्यावर दाबली जाते ते इंजिनाचे जड चाक) खरवडले गेले की खर्च बराच वाढतो. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच पडावी म्हणून प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग एकत्र बदलावीत, आणि प्लेटवर तेल आढळल्यास गळणारे सीलही त्याच वेळी बदलून घ्यावे. तोवर घाट टाळावा.