काकांचं जुनं ऑटोकॅड विकत घेतलं तर चालेल का?

प्रश्न: नमस्कार ताई, मी इंदूरला रामबागेत राहतो, दोन वर्षं घरूनच ड्रॉइंगची कामं करत होतो आता छोटं ऑफिस टाकतोय. ओळखीच्या एका काकांचं सांवेर रोडला फॅब्रिकेशनचं युनिट होतं ते बंद करतायत. त्यांच्याकडे ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या प्रोग्रामची पाच जुनी लायसन आहेत, एकदाच पैसे भरून घेतलेली, शिवाय विंडोजसकट सहा कॉम्प्युटर आणि टॅली. काका म्हणतात सगळं घेऊन जा बाबा मी काय करू आता त्याचं. मला दोनच ऑटोकॅड लागतील, उरलेली तीन विकायचा विचार आहे. एक दुकानदार म्हणाला भिया टेन्शन नको घेऊ, युरोपात कोर्टाने सेकंडहँड सॉफ्टवेअर विकायला हो म्हटलंय, आणि तो स्वतः पण आठशे रुपयात विंडोजची की, म्हणजे ते चालू करायचा नंबर, देतो. घेऊ का?

उत्तर: दादा, पैसे द्यायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलं. बहुतेक जण नोटीस हातात आल्यावर विचारतात आणि तेव्हा मग करण्यासारखं फार थोडं उरतं.

दुकानदार सांगतो तो निकाल खराय. 3 जुलै 2012 ला युरोपियन युनियनच्या कोर्टाने ओरॅकल ही सॉफ्टवेअर कंपनी आणि जुनी लायसन विकणारी जर्मनीची युझ्डसॉफ्ट यांच्या केसमध्ये सांगितलं की कायमचं लायसन पैसे घेऊन दिलं म्हणजे ती विक्रीच झाली, नेटवरून डाउनलोड केलेलं असलं तरी, आणि पुढे घेणारा ते कायदेशीर वापरू शकतो. पण त्यातल्या अटी त्याने तुम्हाला सांगितल्या नाहीत. विकणाऱ्याने स्वतःची कॉपी बंद करायची. पंचवीस जणांचं एक लायसन असेल आणि दहा जागा जास्त झाल्या तर तेवढ्याच तोडून विकायच्या नाहीत. आणि पहिली विक्री तिकडची, युरोपातली पाहिजे. इंदुरात घेतलेल्या लायसनला तो निकाल लागूच होत नाही, त्यामुळे तो विषय बाजूला ठेवा.

आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. त्याच्या कलम 14 मध्ये प्रोग्रामची कॉपी विकायचा हक्क कॉपीराइटच्या मालकाला दिलाय, आणि आधी तिथे असंही लिहिलेलं होतं की ती कॉपी पूर्वी एकदा विकली गेली असली तरीही. 1999 च्या दुरुस्तीत हे शब्द काढून टाकले. म्हणून वकील म्हणू शकतो की एकदा विकलेली कॉपी पुढे विकता येते, आणि मार्च 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने टॅक्सच्या एका मोठ्या केसमध्ये तयार सॉफ्टवेअरच्या विक्रीला मालाची विक्रीच मानलंय. मुद्दा चांगला आहे, मला स्वतःला तो पटतो. पण तुम्ही डबा कपाटात ठेवायला घेत नाही ना, तुम्हाला तो प्रोग्राम मशीनवर टाकायचाय, आणि टाकणं म्हणजे नवीन कॉपी करणं, कंपनी म्हणणार की ती परवानगी लायसनच्या करारातूनच येते आणि करारात बहुतेक वेळा सरळ लिहिलेलं असतं की कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्याला देता येणार नाही. नवीन ऑफिसचा धंदा अशा वादावर उभा करू नका असं मी मनापासून सांगते.

अमेरिकेत तर ऑटोकॅडवरूनच केस झाली होती. एका माणसाने आर्किटेक्टच्या ऑफिसातून जुन्या रिलीज 14 च्या कॉप्या घेतल्या आणि ईबेवर विकायला काढल्या. त्या आर्किटेक्टनी आधीच स्वस्तात अपग्रेड घेतलेलं होतं आणि जुनी कॉपी नष्ट करू असं कबूल केलेलं होतं. 2010 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीच्या बाजूने निकाल दिला, म्हणाले की हे लायसन आहे, मालकी दिलेलीच नाही. तो निकाल पण आपल्याला बांधत नाही, तरी त्यावरून काकांना विचारायचा प्रश्न मिळतो: यातल्या कुठल्या लायसनवर पुढे अपग्रेड घेतलं होतं का? घेतलं असेल तर जुनं बहुतेक संपलेलं आहे, डबा आणि सीडी हातात असली तरी. दुसरं, पाच वेगळे सिरियल नंबर आहेत की एकाच नंबरवर पाच जागा, एकच असेल तर दोन ठेवून तीन विकायचा बेत सोडाच.

ऑटोडेस्कने 2016 पासून ऑटोकॅडची नवीन कायमची लायसन विकणं बंद केलंय म्हणून जुन्यांचा मोह होतो हे मी समजू शकते, दरवर्षी भरायचे पैसे नव्या माणसाला खूप जड जातात. पण नवीन मशीनवर ॲक्टिव्हेशनला शेवटी कंपनीच लागते. म्हणून काकांनी त्यांच्या रजिस्टर्ड ईमेलवरून कंपनीला लिहावं की अमुक सिरियल यांच्या नावावर करायचेत, आणि लेखी हो आल्यावरच पैसे द्या. टॅलीचंही तसंच, सिरियल नंबर मालकाच्या ईमेलला जोडलेला असतो, नाव बदलून घेतल्याशिवाय घेऊ नका.

आठशेची की अजिबात नको. की म्हणजे लायसन नाही, ती कुठल्या कंपनीच्या कोट्यातून निघालीय किती जणांना विकलीय काही कळत नाही, आणि बेकायदेशीर कॉपी आहे हे माहीत असून वापरली तर कलम 63 बी खाली कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे.

कॉम्प्युटर मात्र घ्या. मशीनबरोबर कंपनीतून आलेलं विंडोज त्या मशीनचंच असतं, मशीनसकट ते पुढे जाऊ शकतं, फक्त काढून दुसऱ्या मशीनवर टाकायचं नाही. कॅबिनेटवरचा स्टिकर बघा, काकांचं मूळ बिल मागा आणि नवीन बिलावर सहाही मशीनचे नंबर लिहून घ्या.